भिंतीचे कान

आमच्या करावे गावात आता दोन घरांच्या मध्ये इतकीच जागा उरली आहे की, शेजारणीने मागितलेली विरजणाची वाटी जिना न उतरता खिडकीतून देता येते. सोय मोठी खरी. पण ज्या वाटेने विरजण जाते त्याच वाटेने शब्दही जातात. कोणाचा हप्ता थकला, कोणाच्या मुलाने परीक्षेत दिवे लावले, हे आम्हांला न विचारता कळते. ‘भिंतीला कान असतात’ ही म्हण ज्याने केली तो आमच्याच आळीत राहत असला पाहिजे, असे मी थट्टेने म्हणत असे. गेल्या वर्षी तो कान माझाच निघाला, आणि थट्टा संपली.

घटना साधी आहे. माझी सून दर गुरुवारी रात्री आठ वाजता मोबाइल घेऊन गच्चीवर जाई आणि नऊच्या सुमारास खाली येई. ती एका समुपदेशक बाईंशी बोलते, हे मुलाने आम्हांला सांगितले होते. त्यात लपवाछपवी नव्हती. बाई पुण्यात, सून करावे गावात, आणि मध्ये अख्खा सह्याद्री! मी जन्मभर मास्तरकी केलेला माणूस. समोर बसल्याशिवाय विद्यार्थ्याची चूक कळत नाही, तर डोंगरापलीकडच्या माणसाचे दुःख काय कळणार, असे मला वाटे. पण मी बोललो नाही. न बोलणे हा माझा जुना गुण आहे. निदान तो गुण आहे अशी माझी समजूत होती.

एका गुरुवारी टाकी भरून वाहू लागली म्हणून मी कॉक बंद करायला वर गेलो. टाकीपलीकडून सुनेचा आवाज आला. “बाबा रागावत नाहीत हो. रागावले असते तर बरे झाले असते. ते काही बोलतच नाहीत. बाळ या घरात कधी येणारच नव्हते, असे सगळे वागतात.”

तिचे पहिले मूल जन्माआधीच गेले, त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. तिला त्रास होऊ नये म्हणून मी तो विषय एकदाही काढला नव्हता. माझे मौन हीच माझी माया, असे मी धरून चाललो होतो.

कॉक बंद करायला अर्धे मिनिट पुरते. मी तेथे पाच मिनिटे उभा होतो.

वाचकहो, मला ज्या प्रश्नाने त्या रात्री झोप लागू दिली नाही तो असा : जे माझ्यासाठी बोललेले नव्हते ते मला कळले, आता त्या ज्ञानाचे मी काय करावे? दुसऱ्या दिवसापासून मायेने बोलू लागलो, तर ती माया चोरीच्या भांडवलावरची. काहीच केले नाही, तर कळूनही न कळल्यासारखे वागण्याचा दगडपणा. आणि ऐकल्याची कबुली दिली, तर जगात तिला मोकळेपणी रडण्यासाठी उरलेली एकच जागा मी हिरावून घेणार.

रात्रभर जागणाऱ्या माणसाला इतिहास आठवतो. न दिसणाऱ्या माणसापुढे मन उघडे करणे हे काही मोबाइलने आणलेले खूळ नव्हे. आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले, आणि जे नवऱ्याजवळ, बायकोजवळ, वैद्याजवळ बोलता येत नव्हते ते लोक त्यांना पत्राने विचारू लागले. वाचकांना दिलेल्या अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, पण उत्तरे थांबली नाहीत. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे वारले. त्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते, तोच २ नोव्हेंबरला लंडनमध्ये चॅड व्हारा नावाच्या पाद्र्याने, जीव नकोसा झालेल्यांनी आपल्याला फोन करावा, म्हणून आपल्या चर्चमध्ये टेलिफोनची सोय केली. त्यातून ‘समॅरिटन्स’ ही संस्था उभी राहिली. एकाचे साधन टपाल, दुसऱ्याचे टेलिफोन. पण दोघांना एकच गोष्ट उमगली होती. चेहरा दिसत नाही म्हणूनच काही माणसे बोलू शकतात.

पुढे आमच्या खाडीपलीकडे, देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ साली ‘आय-कॉल’ सुरू केले. त्यात फोनबरोबर लिहून बोलण्याचीही सोय झाली, कारण शेजारच्या खोलीत सासू असेल तर बोलता येत नाही, पण लिहिता येते. २०२० साली महामारीने घरे बंद केली, तेव्हा मार्च महिन्यातच सरकारने दुरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम जाहीर केले. आणि १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ सुरू झाले. १४४१६ हा क्रमांक फिरवला की रात्री-अपरात्रीही मराठीत बोलणारे माणूस भेटते, आणि पैसे पडत नाहीत.

या विद्येची रीत मी नंतर सुनेकडूनच समजून घेतली. समोरासमोर बसल्यावर जे आपोआप कळते ते येथे विचारावे लागते. आरंभीच बाई विचारतात : आत्ता कुठे बसला आहात? जवळ कोणी आहे का? फोन तुटला तर कोणत्या क्रमांकावर करू? वेळ पडली तर जवळच्या कोणाला बोलवू? पडद्यावर चेहरा दिसतो, पण टेबलाखाली थरथरणारे पाय दिसत नाहीत. म्हणून आवाजातला थांबा ऐकावा लागतो. माझ्या मास्तरकीच्या शंकेला हे उत्तर पुरेसे होते. न दिसणारे जाणीवपूर्वक विचारणे, हे समोर बसून न पाहण्यापेक्षा पुष्कळ बरे. मी आठ महिने तिच्या समोरच तर बसत होतो!

गुप्ततेचाही बंदोबस्त आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त राहणे हा त्याचा हक्क मानला आहे, आणि उपचार करणाऱ्यांना ती राखण्याचे बंधन घातले आहे. कोणाच्या जिवाला धोका असेल, अशा मोजक्याच प्रसंगी ते सैल होते. म्हणजे पुण्याच्या बाईंचे तोंड कायद्याने बांधलेले. पण टाकीआड उभ्या असलेल्या सासऱ्याला कोणता कायदा बांधतो?

येथे मला त्या रात्रीचे उत्तर सापडले. पूर्वी माणूस डॉक्टरकडे जाई, तेव्हा खोलीचे दार लावणे हे डॉक्टरचे काम होते. आता ती खोली आमच्या घरात आली आहे. बोलणारीच्या अंगावरची भिंत आमची, दार आमचे, कडी आमची. म्हणून गुप्तता राखण्याचे अर्धे व्रतही आमचेच झाले आहे, आणि ते आम्हांला कोणी सांगितलेले नाही.

कोणी म्हणेल, घरच्यांपासून कसले आले गुपित? पूर्वी कुठे होत्या या खोल्या? मी सांगतो कुठे होत्या. सिडको १९७० साली आली. त्यापूर्वी येथे भातशेती होती, मिठागरे होती, खाजण होते. माझी आई लावणीला वाकली की शेजारच्या बाईशी बोले; दोघींची तोंडे चिखलाकडे, आणि बांधावरच्या माणसाला पाठीच दिसत. खाजणात चिंबोऱ्या धरायला गेलेल्या बायका ओहोटी संपेपर्यंत काय बोलत, ते कोणत्याही सासऱ्याने कधी ऐकले नाही. शेते गेली, तेव्हा आम्ही जमिनीचा मोबदला मोजला. त्यांच्याबरोबर बायकांची बोलायची जागा गेली, ती कोणत्याच हिशेबात आली नाही. माझी सून गच्चीवर जाते ती काही नवे करीत नाही. ती बांध शोधते आहे.

माणसाला दार लावून बोलायचे असते, ते समोरच्यावर विश्वास असो वा नसो. जोसेफ वायझेनबॉम या अमेरिकेतील संशोधकाने १९६६ साली संगणकावर चालणारी ‘एलायझा’ जगापुढे आणली. टंकलेले वाक्य उलटवून प्रश्न विचारण्यापलीकडे तिला काही येत नव्हते. त्याच्या चिटणीस बाईंनी ती तयार होताना महिनोन् महिने पाहिली होती. तरी तिच्याशी दोनचार वाक्ये होताच त्या त्यालाच म्हणाल्या, जरा खोलीबाहेर जाता का? यंत्रापुढे मन उघडतानाही माणसाला आडोसा हवासा वाटतो. मग माणसापुढे उघडताना तो किती हवा!

सकाळी मी सुनेला म्हणालो, “सूनबाई, काल टाकीजवळ मी होतो. ऐकू आले, आणि मी लगेच खाली आलो नाही. ही माझी चूक झाली.” काय ऐकले ते मी बोललो नाही. ती काही न बोलता आत गेली. पुढचे दोन गुरुवार ती गच्चीवर गेली नाही. ते दोन गुरुवार माझ्या चुकीची किंमत होते, आणि ती किंमत तिने भरली, मी नव्हे; हे मला अजून बोचते.

तिसऱ्या गुरुवारी पावणेआठला मी बाहेरच्या खोलीतला टीव्ही जरा मोठ्याने लावला, आतली खोली रिकामी केली, आणि पत्नीला घेऊन तळ्यावर फिरायला गेलो. नऊ वाजेपर्यंत आम्ही तेथेच बसलो. तेव्हापासून हाच नेम आहे. बाळाबद्दल मी स्वतःहून काही काढले नाही. पुष्कळ दिवसांनी एकदा भाजी निवडता निवडता तीच म्हणाली, “बाबा, तुम्ही काय नाव ठेवणार होतात?” मी सांगितले. नाव ऐकून ती रडली, मीही रडलो, आणि भाजी तशीच राहिली.

एक अपवाद मात्र सांगून ठेवतो. भिंतीपलीकडून जीव देण्याची भाषा कानी आली, तर ऐकल्याची लाज गुंडाळून ठेवावी, दार ठोठवावे, जवळ बसावे आणि मदत बोलवावी. तेथे गप्प राहणे ही सभ्यता नव्हे. एरवी मात्र ऐकू आले तर पाऊल मागे घ्यावे.

हा लेख सुनेला दाखवूनच छापायला दिला आहे. तिने दोन वाक्ये खोडली. ती कोणती, हे विचारू नये.

आता दिवाळीत पाहुणे येतील. चुलत्यांची मुले, भाच्या, त्यांची पोरे. घर भरेल, आणि खोल्या तर दोनच. सणात गुरुवारही येईलच. त्या दिवशी आठ वाजता मी फराळाचे ताट घेऊन सगळ्यांना गच्चीवर नेणार आहे. कोणी विचारले की आतल्या खोलीचे दार का लावले आहे, तर सांगेन, ती खोली आज तासभर आमची नाही.