वैद्याचे वचन, रुग्णाचे रक्षण

सुश्रुतसंहितेत परिचारकाची लक्षणे दिली आहेत. तो मायाळू असावा, किळस न करणारा, बळकट आणि न थकणारा असावा; रुग्णाच्या रक्षणात गढलेला असावा आणि वैद्याच्या सांगण्याप्रमाणे वागणारा असावा. रक्षण आणि आज्ञापालन ही दोन लक्षणे एकाच यादीत सुखाने नांदतात, कारण बहुतेक वेळा वैद्याचे सांगणे रुग्णाच्या हिताचेच असते. पण एखाद्या रात्री ती दोन समोरासमोर उभी राहिली, तर सेवाधर्म कोणत्या बाजूला? नुकतीच पास होऊन वॉर्डात आलेल्या सिस्टरच्या नेतृत्वगुणांविषयी हल्ली बरेच बोलले जाते, तेही व्यवस्थापनाच्या भाषेत. मला तो मुळात धर्माचा प्रश्न वाटतो. रक्षण हे साध्य आहे, आज्ञापालन त्याचे साधन. म्हणून शंका विचारणे हा सेवेचाच भाग आहे, आणि तो शिकवता येतो.

मानसोपचारतज्ज्ञ चार्ल्स हॉफलिंग यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेला अमेरिकेतला प्रयोग इथे आठवावा. अनोळखी डॉक्टरने फोनवरून एका औषधाचा २० मिलिग्रॅमचा डोस द्यायला सांगितले. डबीवर कमाल मात्रा १० मिलिग्रॅम छापलेली होती, शिवाय फोनवरची ऑर्डर घेणे नियमाविरुद्ध होते. तरी २२ पैकी २१ परिचारिका औषध द्यायला निघाल्या. ते औषध खोटे आणि निरुपद्रवी होते, आणि त्यांना वेळेवर थांबवले गेले. हाच प्रसंग नुसता सांगून २१ विद्यार्थिनींना विचारले, तेव्हा एकूण एक म्हणाल्या की आम्ही देणार नाही. म्हणजे विवेक जागा होता, प्रत्यक्ष हाक आल्यावर त्याला शब्द फुटला नाही. १९७७ साली रँक आणि जेकबसन यांनी प्रयोग बदलून केला. औषध ओळखीचे ठेवले आणि सहकाऱ्यांशी बोलायची मोकळीक दिली. १८ पैकी दोघीच डोस द्यायला तयार झाल्या. मधल्या ११ वर्षांत काळही बदलला होता, हे खरे. तरीही धैर्य हा केवळ जन्मजात स्वभाव नाही, ज्ञान आणि सोबत मिळाली की ते वाढते, एवढे यातून नक्की दिसते.

नव्या मुलीने आधी ऐकायला शिकावे, अनुभव आल्यावर बोलावे, हा आक्षेप हलका नाही. चरकानेही उपचाराच्या चार पादांत वैद्याला प्रधान मानले आहे. पण त्याच चरकाने परिचारकाच्या गुणांत पहिला मान उपचाराच्या ज्ञानाला दिला, आणि जाणणाऱ्याला शंका येणारच. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवण्यासाठी प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा ही तिन्ही एकाच श्लोकात सांगितली आहेत. आपण नमस्कार आणि सेवा ठेवली, मधला प्रश्न गाळला. ‘सर, डबीवर दहा लिहिलंय, वीसच द्यायचं ना?’ असे विचारणारी डॉक्टरपेक्षा जास्त कळत असल्याचा दावा करत नाही. राउंड काही मिनिटांत आटोपतो, खाटेजवळ रात्रभर ती असते. तिला दिसलेले ती पुढे पोचवते.

आणीबाणीत प्रश्नोत्तरांना वेळ कुठला, असेही म्हणतात. तिथे ऐकलेला डोस मोठ्याने परत उच्चारणे पुरते. त्याला दोन सेकंद लागतात, आणि तेवढ्यात चूक सांगणाऱ्याच्याच कानावर पडते. मला अधिक अस्वस्थ करणारा आक्षेप वेगळा आहे: रात्रपाळीला भरलेल्या वॉर्डात एकटी ठेवलेल्या मुलीकडून वर नेतृत्वाचीही अपेक्षा करणे हा अन्याय नाही का? आहे. दुसऱ्या प्रयोगात परिचारिकांना विचारायला कोणीतरी होते. तिला ते मिळत नसेल, तर नेतृत्वाच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र तिच्या काय कामाचे? म्हणून हे शिक्षण तिच्यापासून नाही, इंचार्ज सिस्टर आणि वरिष्ठ डॉक्टरांपासून सुरू व्हायला हवे. रात्री दोन वाजता आलेल्या तिच्या पहिल्या फोनला ते कोणत्या आवाजात उत्तर देतात, त्यावर ती दुसरा फोन करील की नाही हे ठरते.