भरपाई कुणाच्या खिशातून?

अपघातानंतर आठव्या दिवशी त्याचे वडील हॉस्पिटलमध्ये आले. हातात चार शहाळी, शर्टाच्या खिशात पाकीट. पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले, माझ्या पायाकडे बघायचं टाळत म्हणाले, "पोरगा तसा नाहीये हो. त्या दिवशी मित्राची हळद होती, सगळेच होते. होऊन गेलं." मग पाकीट काढलं. त्यात एक लाख रुपये होते. आईनं ते घेऊन माझ्या उशीखाली ठेवलं. बाबांनी उशीखालून काढून परत त्यांच्या हातात दिलं. माझ्याच डोक्याखालची ही देवघेव चालू असताना मला मात्र कुणी काहीच विचारलं नाही. पुढची दोन वर्षंही साधारण तसंच होत राहिलं.

जानेवारी २०२३. नाशिक, रात्रीचे पावणेअकरा. मी एका खाजगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, शिफ्ट संपवून स्कूटीवर सिडकोतल्या घरी निघाले होते. मागून गाडी आली. उजव्या नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, आत रॉड टाकला. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. याहून जास्त वर्णन करत नाही. हाड मोडलेल्या माणसांच्या गोष्टी ऐकणाऱ्याला दोन मिनिटांत कंटाळवाण्या होतात, हे मला आता ठाऊक आहे.

त्याच्या रक्तात कायद्यानं ठरवलेल्या मर्यादेच्या चौपट दारू निघाली. ही मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अशी आहे. मी रोज लोकांचं रक्त घेते, ट्यूबवर लेबल चिकटवते, त्यामुळे या रिपोर्टवर माझा जीव होता. पुढच्या वर्षी, मे २०२४ मध्ये, पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीनं दोन तरुण इंजिनियरांना उडवलं. चालवणारा मुलगा १७ वर्षांचा होता. त्याला जामीन देताना बालन्याय मंडळानं ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला आणि देशभर संताप उसळला. तुम्हाला तो निबंध आठवत असेल. मला जास्त आठवते ती नंतरची बातमी: रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक. एका ट्यूबच्या लेबलवर किती काय टांगलेलं असतं, या विचारानं त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या प्रकरणात नमुना जिथे जायचा तिथे गेला, रिपोर्ट खरा आला. मला वाटलं, आता सगळं सोपं आहे.

आमचे वकील म्हणाले, "तो प्यायला होता, हे आपल्या दाव्यात फारसं महत्त्वाचं नाही."

मला आधी वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. त्यांनी शांतपणे समजावलं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे प्रश्न दोनच: चूक गाडीवाल्याची होती का, आणि तुमचं नुकसान किती. तो प्यायलेला असो, झोपेत असो की मोबाइल बघत असो, तुमचा पाय तेवढाच मोडला. दारूबद्दलची शिक्षा हा वेगळा विषय, तो फौजदारी न्यायालयात. इथे फक्त हिशोब. दारू प्यायला म्हणून हिशोबात वरचे चार पैसे नाहीत.

हा मला अपमान वाटला. मी काही पायऱ्यांवरून घसरून पडले नव्हते. माझ्याबाबतीत कुणीतरी काहीतरी *केलं* होतं. आणि कायदा म्हणत होता, नुकसान या वहीत लिहू, गुन्हा त्या वहीत. दोन्ही वह्या वेगवेगळ्या इमारतींत, वेगवेगळ्या तारखांना उघडणार.

मुंबईतलं कार्टर रोडचं प्रकरण तेव्हा मी पहिल्यांदा नीट वाचलं. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे दारूच्या नशेतल्या आलिस्टर परेरानं फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी घातली. सात जण गेले, आठ जखमी झाले. सत्र न्यायालयानं सहा महिने दिले. लोक भडकले. उच्च न्यायालयानं ती शिक्षा तीन वर्षांची केली, सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये ती कायम ठेवली. तेव्हाची चर्चा वाचताना लक्षात आलं की माणसं भडकली ती सहा महिन्यांवर. पैसे पुरेसे दिले असते तर सहा महिने चालले असते, असं कुणी म्हणत नव्हतं. म्हणजे दोन वह्या वेगळ्या आहेत हे आपल्याला आतून मान्य असतंच. आपला पाय मोडेपर्यंत.

मग हिशोब सुरू झाला. तो खरंच बघण्यासारखा असतो, म्हणून मांडते. माझा पगार महिन्याला १८ हजार, वर्षाला २ लाख १६ हजार. पुढे वाढला असता म्हणून त्यात ४० टक्के मिळवायचे: ३ लाख २ हजार ४००. आता माझी कमाई या पायामुळे किती टक्के घटली? सिव्हिलच्या दाखल्यावर पायाचं अपंगत्व होतं, पण ते आहे तसं धरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात हे उदाहरणानं सांगितलंय: डावा हात गेला तर ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण जाते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र तशीच चालू राहू शकते. माझं काम उभ्यानं करायचं, म्हणून आम्ही १५ टक्के मागितले. वर्षाचे झाले ४५ हजार ३६०. याला गुणायचं १७ नं, कारण २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्याप्रमाणे २६ ते ३० वयाला गुणक १७. २५ पर्यंत तो १८ असतो. अपघाताच्या दिवशी मी २६ वर्षं दोन महिन्यांची होते. तो मला तीन महिने आधी धडकला असता तर ४५ हजार ३६० रुपये जास्त मिळाले असते. हे मी घरी हसत सांगितलं, कुणी हसलं नाही.

१७ नं गुणल्यावर ७ लाख ७१ हजार १२०. हाच पाय महिना ९० हजार कमावणाऱ्याचा असता आणि टक्के तेच धरले असते, तर याच्या पाचपट. फुटपाथवर झोपणाऱ्या मजुराचा असता तर माझ्याहून स्वस्त. घरकाम करणाऱ्या बाईचं काम पैशात मोजायचं तरी की नाही, इथपासून न्यायालयांना वाद घालावा लागला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा ठामपणे सांगितलं, मोजायचं. माझी आई हे ऐकून म्हणाली, "मोजतात तरी कुठेतरी."

सगळ्यात अवघड रकाना पैशाचा नव्हता. नुकसानीच्या प्रकारांत 'विवाहाची शक्यता कमी होणे' असाही एक प्रकार धरला जातो. वकिलांनी विचारलं, लिहू का? मी नाही म्हटलं. आई म्हणाली, "लिहा. खरं आहे ते. दोन स्थळं पाय ऐकून गप्प झाली, मी तुला सांगितलं नव्हतं." मला ते तिथे, वकिलांच्या टेबलासमोर कळलं. मी अडून बसले. पैसे मिळावेत म्हणून स्वतःबद्दलचं असं वाक्य शपथेवर लिहायचं, ज्यावर माझा विश्वास नाही आणि ज्यावर बाकीच्यांचा आहे, हा काय सौदा? पण आईचंही चूक नव्हतं. नुकसान झालं होतं, ते गावानं केलं असलं तरी. शेवटी लिहिलं. अजूनही ते वाक्य त्या फाइलमध्ये माझ्या सहीवर आहे, आणि आयुष्यात सही करून पस्तावले असेन तर तिथेच.

दावा सगळं मिळून साडेबारा लाखांचा होता. सव्वादोन वर्षांनी लोकअदालतीत विमा कंपनीशी साडेआठ लाखांवर मिटला. विरोधी बाजूला सुटातली एक तरुण मुलगी होती, कंपनीची वकील. तिनं मला पाणी दिलं. तो तिथे नव्हता. त्याची गरजच नव्हती. तिसऱ्या व्यक्तीचा विमा कायद्यानं सक्तीचा आहे तो याचसाठी, की रस्त्यावरच्या माणसाला धडकणाऱ्याच्या खिशावर अवलंबून राहावं लागू नये. चालक प्यायलेला असला तर कंपनी हात वर करायला बघते, मग न्यायालयं अनेकदा सांगतात: आधी जखमीला द्या, नंतर गाडीमालकाकडून वसूल करा. छान व्यवस्था आहे, मनापासून सांगते. पण आमची गंमत अशी की गाडी वडिलांच्या नावावर. म्हणजे उद्या वसुली झालीच तर ती शहाळी घेऊन आलेल्या माणसाकडून होईल. ज्यानं गाडी चालवली, त्याच्या खिशातून कुठल्याच वाटेनं एक रुपया निघत नाही.

मला पैसे कमी पडले नव्हते. तरी काहीतरी मिळायचं राहिलंय असं वाटत होतं. ते काय, हे शोधताना मी एका अडचणीच्या जागी येऊन पोचले.

२०२२ च्या डिसेंबरात, अपघाताच्या दीड महिना आधी, मैत्रिणीच्या वाढदिवसाला आम्ही गंगापूर धरणाच्या बाजूला गेलो होतो. दोन बियर पिऊन मी स्कूटी चालवत घरी आले होते. मस्त थंडी होती, रस्ता रिकामा होता. घरी पोचले, झोपले. कुणाचं काही बिघडलं नाही.

१९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी 'नैतिक नशीब' या विषयावर लिहिलं. नेगलचं एक उदाहरण हेच आहे: प्यायलेल्या माणसाची गाडी फुटपाथवर चढते. तिथे कुणी नसेल तर तो सुटला, असेल तर आयुष्यभराचा गुन्हेगार. त्यानं केलं ते दोन्ही वेळा तेच. मधला फरक त्याच्या हातात नव्हता. हे वाचलं तेव्हा मी मोबाइल पालथा ठेवला. कारण त्याच्या आणि माझ्यात जो फरक आहे तो, खरं बोलायचं तर, माझा पाय. तोही मी त्या रस्त्यावर होते म्हणून. (हो, दोन बियर आणि चौपट दारू यांत फरक आहे. मीही स्वतःला हेच सांगते.)

मग मला त्याच्यावर रागवायचा हक्क उरत नाही का? काही दिवस मला तसंच वाटत होतं. पण विल्यम्सचं दुसरं उदाहरण मला त्यातून बाहेर घेऊन आलं. एक ट्रक ड्रायव्हर, त्याची काहीही चूक नाही, आणि त्याच्या गाडीखाली एक मूल येतं. बाकीचे त्याला म्हणतील, तुझा दोष नाही. पण तो लगेच "बरोबर, माझा दोष नाही" म्हणून जेवायला बसला, तर आपण त्याच्यापासून थोडे लांब सरकू. आपल्या हातून जे झालं ते आपल्याला चिकटतं, नशिबानं झालं असलं तरी. माझ्या डिसेंबरातल्या रात्रीला काही चिकटलं नाही, ते माझं नशीब. त्याच्या रात्रीला माझा पाय चिकटलाय. आणि तो पाय बघायला तो आलेला नाही. मला हवं होतं ते एवढंच: त्याला ठाऊक असावं, की तिसऱ्या मजल्यापर्यंत ४२ पायऱ्या आहेत. हे विमा कंपनीला देता येत नाही. ती सुटातली मुलगी मला पाणी देऊ शकली, हे नाही.

यातून पाकीट परत दिल्याचंही कोडं सुटलं. इतके दिवस मी समजत होते की बाबांनी स्वाभिमानानं ते परत केलं आणि नंतर आम्ही आठपट पैसे घेतलेच, म्हणजे स्वाभिमानाला भाव होता. तसं नाही. कंपनीच्या पैशानं माझ्याकडून काहीही मागितलं नाही. गप्प बस म्हटलं नाही, माफ कर म्हटलं नाही. पाकिटाला मात्र काहीतरी हवं होतं.

ते काय, हे आता उघड झालंय. फौजदारी खटला अजून चालू आहे. अपघात २०२३ चा, म्हणून जुन्या दंडसंहितेचं कलम ३३८, दोन वर्षांपर्यंत कैद. न्यायालयाच्या परवानगीनं हे कलम जखमी माणसाला मिटवता येतं. त्यासाठी तडजोडीची पुरसिस लागते, म्हणजे माझी सही असलेला एक कागद. गेल्या महिन्यात त्याच्या वडिलांचा फोन आला. आवाज म्हातारा झालाय. "ताई, तुम्हाला भरपाई मिळाली. आता पोराचं आयुष्य अडकलंय. एक सही करा."

बाबा म्हणतात, नाही. आई म्हणते, करून टाक, आपल्याला काय मिळणार त्याला आत टाकून. वकील म्हणतात, निर्णय तुमचा. या वेळी पहिल्यांदाच मला विचारलंय.

मला वाटतं, माझ्या पायाबद्दल मी माफ करू शकते, ती माझी गोष्ट आहे. पण त्या रात्री तो ज्या ज्या लोकांच्या शेजारून गेला आणि ज्यांना धडकला नाही, त्यांच्या वतीनं मी सही करू शकत नाही. दारू पिऊन चालवण्याचं कलम वेगळं आहे, ते माझ्या सहीनं मिटत नाही, आणि ते योग्यच आहे. मग उरतो फक्त माझा पाय. त्याचीही सही बापाकडे द्यायची का?

मी त्यांना म्हटलं, काका, त्याला पाठवा. एकटा. घरी येऊ दे.

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तो बंगळुरूला असतो आता. रजा मिळत नाही."

पुढची तारीख १४ ला आहे. पुरसिसचा कागद वकिलांनी टाइप करून ठेवलाय, खाली माझं नाव, सहीची जागा मोकळी. तारखेला तर त्याला यावंच लागेल.