पुन्हा उभे राहणारे घर

निर्गमच्या पुस्तकातील निवासमंडपाचे वर्णन आले की आपण बहुधा पाने उलटून पुढे जातो. अठ्ठेचाळीस फळ्या, प्रत्येक फळीला दोन कुसे, प्रत्येक कुसाखाली चांदीची उथळी. ह्यात मनन काय करायचे? पण जरा थांबू या. देवाचे हे घर उलगडता येईल असेच बांधलेले होते. मुक्काम हलला की मरारीच्या घराण्याने ते सोडवायचे, बैलगाड्यांवर लादायचे आणि पुढल्या मुक्कामी त्याच फळ्यांनी पुन्हा उभारायचे. गणनाच्या पुस्तकात तर कोणी काय वाहायचे, तेही नावानिशी नेमून दिले आहे. एक खुंटीसुद्धा बेवारस नव्हती.

वसईतले आपले वाडवडील हेच करीत. जुने घर उतरवताना सुतार खांब, तुळया, वासे जपून सोडवी. कौले रचून ठेवली जात. धाकट्या भावाचे घर त्यांतूनच उभे राही. आता जेसीबी येतो, दोन दिवसांत घर भुईसपाट होते आणि डेब्रिज एखाद्या पाणथळ जागेत जाऊन पडते. नव्या घरासाठी पुन्हा नवे सिमेंट. ते करताना चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सियसपर्यंत तापवावी लागते. इंधनाचा धूर वेगळाच, खुद्द त्या दगडातूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जगातील ह्या वायूच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे.

नटबोल्टने जोडलेले पोलादी खांब व तुळया पुढे सोडवून दुसरीकडे वापरता येतात. मात्र त्यासाठी आज जास्त विचार आणि बहुधा जास्त पैसा लागतो. लाभ होणार चाळीस वर्षांनी, कोणा अनोळखी माणसाला. मग आपण का झीज सोसावी?

मोशेने मंडप उभारला, पण त्याला वचनदत्त भूमीत पाऊल ठेवता आले नाही. मंडप मात्र शिलोला पोहोचला. आपण मालक नव्हे, वाहणारे आहोत. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात फेकून देण्याच्या संस्कृतीविषयी सावध केले, ते ह्याचसाठी.

पोटाला चिमटा काढून एक खोली बांधणाऱ्यावर हे ओझे लादू नये. पण धर्मग्रामाचे सभागृह किंवा शाळेची इमारत बांधताना आपण एक प्रश्न नक्की विचारू शकतो: हे उद्या सोडवता येईल का? आणि जुने घर पाडण्याआधी दारे, खिडक्या, वासे मोजून ठेवू शकतो.

पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभू येशूने उरलेले तुकडे गोळा करावयास सांगितले. ज्याच्या हाती भाकरीला तोटा नव्हता, त्यालाही तुकडा वाया गेलेला चालला नाही.