सुकाणूवरची गाठ



आज गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ६७वा श्लोक. इंद्रियांमागे धावणारं मन माणसाची बुद्धी ओढून नेतं, वारा पाण्यातली नाव ओढून नेतो तशी. श्लोक लहानपणापासून पाठ आहे, पण या वेळी त्या नावेपाशीच अडकलो. कारण सध्या झोप येत नाही तेव्हा मी क्लिफर्ड अ‍ॅशलेचं गाठींचं पुस्तक चाळतो. १९४४ सालचं, ३,८०० हून अधिक नोंदी. (आमच्या टीममध्ये कुणी असं डॉक्युमेंटेशन केलं तर मी पाया पडेन.)

अ‍ॅशले स्वतः व्हेलच्या शिकारीच्या जहाजावर जाऊन आलेला. एकोणिसाव्या शतकात या जहाजांच्या सफरी तीन-तीन, चार-चार वर्षं चालायच्या. हातात रिकामा वेळ आणि जुने दोर. मग खलाशी आपल्या पेटीच्या कड्या, घंटेची दोरी असं काहीबाही नक्षीदार विणत बसायचे. त्यातली एक गाठ 'टर्क्स हेड', फेट्यासारखी दिसणारी. दोरीचे पदर आणि कडेचे बाक यांचा मसावि १ असेल तरच ती एका अखंड दोरीत पुरी होते. शाळेतला मसावि इथे भेटेल असं वाटलं नव्हतं!

ही गाठ सुकाणूच्या चाकाच्या एका दांडीवर बांधायचे. ती दांडी बरोबर वर आली की सुकाणू सरळ. काळोख्या रात्री खलाशाला बघावं लागत नसे, हाताला गाठ लागली की कळायचं.

आता माझं सांगतो. बाबांच्या ऑपरेशनच्या रात्री मी आयसीयूबाहेर माळ घेऊन बसलो होतो. दहा मणी झाले की मन बिलावर, मग रिपोर्टवर, मग 'आपण त्यांना आधीच का नाही आणलं' यावर. बोटाला मेरुमणी लागला तेव्हा लक्षात आलं, माळ संपली आणि नाम एकदाही मनापासून घेतलं नाही. इतकी लाज वाटली की माळ खिशात टाकली, ती चार महिने बाहेर काढली नाही.

पण लाटा आहेत तोवर चाक फिरणारच ना? गाठ काही चाक थांबवायला बांधलेली नसते. सहाव्या अध्यायात, २६व्या श्लोकात, भगवंत मन भटकेल हे धरूनच चालतात. जिथे जिथे जाईल तिथून आणा म्हणतात, किती वेळा ते मोजत नाहीत. आयसीयूबाहेर मेरुमणी बोटाला लागला, तो मला नापास करायला नव्हता. मीच तसं समजून बसलो.

बाबा आता घरी आहेत. काल रात्री तीनला त्यांना खोकला आला, पाणी दिलं, उशाशी बसलो. लाइट लावला नाही. माळ काढली. मन दोनदा ऑफिसला जाऊन आलं. मेरुमणी लागला तशी माळ उलटी फिरवली आणि परत सुरू केली.