अर्धवट घर आणि दूरचें घर

स्वतःच्या घराची डागडुजी अर्ध्यावर पडली असतां परदेशांत उन्हाळ्यासाठीं दुसरें घर शोधीत फिरणें योग्य कीं अयोग्य? खेड्यांतील वाचकांस हा प्रश्न चमत्कारिक वाटेल. ज्याला एका घराच्या शाकारणीची पंचाईत, त्यानें दुसऱ्याचा विचार कशाला करावा? परंतु प्रश्न पैसेवाल्यांचा दिसला तरी त्याच्या मुळाशीं असलेली मनाची ओढ गरीब व श्रीमंत ह्या दोघांच्याही ठायीं सारखीच आहे, म्हणून तो येथें घेतला आहे.

आपल्याकडे उन्हाळ्याचें घर म्हटलें म्हणजे महाबळेश्वर किंवा माथेरान येथील बंगला डोळ्यांपुढें येतो. उकाड्यापासून पळून जाण्याची ती जागा. युरोपच्या उत्तरेस ह्याच्या अगदीं उलट. तेथें हिवाळा लांब व अंधारा, आणि जून-जुलै महिन्यांत मात्र सूर्य रात्रीं फार उशिरा मावळतो. डेन्मार्क व स्वीडन ह्या देशांतील माणूस उन्हाळी घरीं जातो तो ऊन टाळण्यास नव्हे, तर तें अंगावर घेण्यास.

आतां डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथील एक गृहस्थ कल्पनेनें डोळ्यांपुढें आणा. त्याच्या न्हाणीघराच्या फरशा उखडून ठेविल्या आहेत, खिडक्यांचा रंग राहिला आहे, आणि मुलांच्या खोलीवरील छपराचा कोपरा गळत असल्यामुळें खालीं पातेलें ठेविलें आहे. शनिवारीं तो हातोडी हातीं घेतो, व तासाभरानें ती खालीं ठेवून स्वीडनमध्यें विक्रीस निघालेल्या घरांचीं चित्रें पाहत बसतो. १ जुलै २००० रोजीं एरसुंड सामुद्रधुनीवरील पूल खुला झाल्यापासून तो देश त्याला मोटारीनें जाण्याजोगा झाला आहे. पुढच्या शनिवारीं तो तेथें घर पाहावयास जातो, आणि न्हाणीघर तसेंच राहतें.

हें आळसामुळें होतें असें म्हणून चालणार नाहीं. आळशी माणूस घरासाठीं परमुलूख हिंडत नाहीं. खरें कारण असें कीं, जवळचें घर आपणांपाशीं रोज कांहीं तरी मागतें, आणि दूरचें घर कांहींच मागत नाहीं. परंतु हें त्याचें न मागणें खरेदीखताच्या दिवसापर्यंतच टिकतें. स्वीडनच्या स्मोलंड प्रांतांतील लाकडी घरांस फालुन येथील तांब्याच्या जुन्या खाणींतून मिळणाऱ्या तांबड्या मातीचा रंग देतात. तो कांहीं वर्षांनीं पुन्हा द्यावा लागतो. थंडी पडण्यापूर्वीं नळांतील पाणी काढून टाकावें लागतें, नाहीं तर तें गोठून नळ फुटतात. एका छपरास कंटाळून निघालेल्या गृहस्थाच्या गळ्यांत अशीं दोन छपरें पडतात.

येथपर्यंत नुकसान त्याचें व त्याच्या बायकामुलांचें. ह्यापुढें शेजाऱ्याची गोष्ट येते. डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्यांत पुष्कळ उन्हाळी घरें आहेत, व तीं जर्मन लोकांस फार आवडतात. परक्यांनीं किनारा विकत घेऊं नये म्हणून डेन्मार्कनें १९५९ सालीं कायदा केला. जो त्या देशांत राहत नाहीं व पूर्वींही एकूण पांच वर्षें राहिलेला नाहीं, त्याला असें घर घेण्यास सरकारची परवानगी लागते. १९९२ सालच्या मास्ट्रिक्टच्या तहासही एक पुरवणी जोडून डेन्मार्कनें हा निर्बंध राखला. मला तो अन्यायाचा वाटत नाहीं. लहान राष्ट्रास आपला किनारा आपल्या लेंकरांकरितां राखावासा वाटणें स्वाभाविक आहे. पण तोच डॅनिश मनुष्य पूल ओलांडून गेला म्हणजे त्याला शेजाऱ्याचें दार सताड उघडें हवें असतें! स्वीडननेंही १९९५ सालीं युरोपीय संघांत शिरतांना असे निर्बंध पांच वर्षें ठेवण्याची मुभा घेतली होती. ती मुदत संपली, आणि हा गृहस्थ म्हणतो कीं, मीं कोणताही कायदा मोडला नाहीं. तें खरें आहे. तथापि देण्याचें माप एक व घेण्याचें दुसरें, ह्या दोषास कायद्याची मोकळीक हें उत्तर होत नाहीं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ह्यांतील पुष्कळ जुनीं घरें पूर्वीं भूमिहीन कुळांचीं होतीं. झोपडी व दगडाळ जमिनीचा तुकडा ह्यांच्या मोबदल्यांत त्यांस मालकाच्या शेतावर ठराविक दिवस राबावें लागे. वेठ म्हणजे काय हें ज्यांच्या वाडवडिलांनीं सोसलें आहे, त्या वाचकांस अधिक सांगावयास नको. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९३० पर्यंत दहा लाखांहून अधिक स्वीडिश लोक अमेरिकेस गेले. स्मोलंडमधून तर फारच गेले, व घरें ओस पडलीं. परक्यांनीं विकत घेतलीं नसतीं तर त्यांतील कित्येक आज मातीस मिळालीं असतीं. सुतारास काम मिळतें, दुकानदाराचा माल खपतो, हाही लाभच. मात्र दहा महिने बंद असलेल्या घरांतून एकही मूल शाळेस जात नाहीं, व हिवाळ्यांत त्याच्या धुराड्यांतून धूर निघत नाहीं. कोकणांतील वाचकांस हें चित्र ठाऊक आहे. तेथेंही मुंबईकरांचीं घरें गणपतीस व मे महिन्यांत उघडतात आणि पुन्हा त्यांस कुलपें लागतात. पण त्या घरांशीं मुंबईकराचें नातें जन्मानें आलेलें असतें. आमच्या गृहस्थानें तें हौसेनें जोडिलें आहे. म्हणून गांवाचें कांहीं देणें आपणांवर आहे हें त्यानें जाणून-बुजून पत्करावयास हवें.

कोणी म्हणेल, घराचीं कामें कधींच संपत नाहींत. तीं संपेपर्यंत थांबावें तर माणूस कोठेंच जाणार नाहीं, आणि उत्तरेकडील उन्हाळा तर थोडक्या दिवसांचा! हा आक्षेप मला मान्य आहे. पण न दिलेला रंग व गळतें छप्पर हीं एका तोलाचीं नव्हेत. खिडक्यांचें काम पुढच्या वर्षावर टाकून त्यानें खुशाल पूल ओलांडावा. छपराच्या त्या कोपऱ्याखालीं मात्र मुलें निजतात, आणि पातेलें रात्रींतून दोनदां भरतें.