न चढलेला डोंगर

डोंगरावर जाण्याचा बेत आणि डोंगर चढण्याचा बेत या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे आमच्या मंडळीस प्रथमपासूनच ठाऊक होते. २०२४ सालच्या डिसेंबरात आम्ही चौघे जुने सहाध्यायी तीन दिवस एकत्र घालवावयाचे ठरवून निघालो, तेव्हा चौघांनीही पन्नाशी ओलांडलेली होती. एक वकील, एक डॉक्टर, एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आणि चौथा मी. वकिलांस दम्याचा विकार आहे. डॉक्टर इतरांचे गुडघे तपासून देतात, स्वतःच्या गुडघ्यांचे नाव काढीत नाहीत. बँकेतल्या मित्राचा उजवा पाय लहानपणच्या दुखण्याने अधू झालेला आहे. काठीवाचून त्याला दहा पावले टाकता येत नाहीत. माझ्याविषयी सांगावयाचे तर, इंग्रज कवींची पर्वतकाव्ये मी तीस वर्षे वर्गात शिकविली. परंतु त्या तीस वर्षांत कॉलेजच्या जिन्याहून उंच असे काही पायांनी चढून गेल्याचे मला स्मरत नाही.

अशा मंडळीस माथेरानासारखे ठिकाण नाही. तेथे मोटारी शिरू देत नाहीत, म्हणून शांतता आहे. आणि नेरळहून चिमुकली आगगाडी थेट माथ्यापर्यंत नेते, म्हणून श्रम नाहीत. हा दोन फूट रुंदीचा लोहमार्ग अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ ते १९०७ या काळात बांधविला. सुमारे २१ किलोमीटरांचे अंतर तोडावयास गाडीला अडीच तासांहून अधिक वेळ लागतो. जुम्मापट्टी मागे पडते, वॉटरपाईप मागे पडते, आणि प्रत्येक वळणावर खालची शेते थोडथोडी लहान होत जातात. डोंगर आपण चढत नसून तोच सावकाश खाली उतरत आहे, असा भास होतो. हा मार्ग कातळात खोदला कोणी, त्यांची नावे कोठे लिहिलेली आहेत काय, असा प्रश्न आमच्यापैकी कोणीही त्या वेळी विचारला नाही. शेंगदाणे चांगले होते आणि गप्पा कॉलेजच्या दिवसांच्या चालल्या होत्या.

प्रश्न उत्पन्न झाला तो स्टेशनाबाहेर पडल्यावर. तांबड्या धुळीच्या रस्त्यावर घोडेवाले उभे होते, हमाल उभे होते, आणि हातरिक्षावालेही उभे होते. एक माणूस पुढे दांडा धरून ओढणारा, दोघे मागून ढकलणारे, आणि मध्ये बैठकीवर बसणारा चौथा, असे त्या वाहनाचे स्वरूप. आमच्या अधू मित्राने फारसा विचार न करता काठी आडवी धरली व तो चढून बसला. वकील मात्र दोन पावले मागे सरले. माणसाने माणसाच्या श्रमावर असे बसून जाणे आपणास पटत नाही, दम लागला तरी चालेल, आपण पायीच येऊ, असे त्यांनी जाहीर केले. डॉक्टर आणि मी त्यांच्या बाजूस गेलो. आमचा निर्णय तत्त्वाचा होता की लोकलज्जेचा, हे मी अद्याप ठरवू शकलेलो नाही. एका रिक्षावाल्याने एवढेच म्हटले, “साहेब, तुम्ही नाही बसलात तर आम्ही आज काय करायचं?” वकिलांस याचे उत्तर सुचले नाही, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे, त्यांना उत्तर न सुचल्याचा प्रसंग माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी लुइझा पॉइंटवर बसलो होतो. समोर प्रबळगड, खाली दरीत धुके विरत चाललेले. इतक्यात पाठीवर बोचकी घेतलेली पाच-सहा तरुण मुले तेथे आली. पहाटे पायथ्याच्या एका वाडीतून निघून ती चढून आली होती. अंगरखे घामाने भिजलेले, चेहरे मात्र प्रफुल्ल. त्यांच्यातील एकाने आदबीनेच विचारले, “काका, आपण गाडीने आलात ना?” आम्ही हो म्हटले. त्यावर दुसरा म्हणाला, “मग तुम्हांला हे तसं दिसणार नाही.” मुलगा उद्धट नव्हता, त्याला खरोखरच तसे वाटत होते. मुले निघून गेल्यावर वकील म्हणाले की, या पोरांचे म्हणणे खरे असेल तर आपण तीन दिवस दुसऱ्याच्या मालावर चैन करीत आहोत.

हे मत आजचे नाही. तीर्थयात्रेस वाहनातून जाणाऱ्याची यात्रा निष्फळ होते, अशा आशयाचे वचन मत्स्यपुराणातील प्रयागमाहात्म्यात आहे. आमच्या वारकऱ्यांची पंढरीची वाट पायांचीच. जे कष्टाने मिळाले नाही ते आपले नव्हे, हा संस्कार आमच्या घराघरांत इतका खोल गेलेला आहे की, सुट्टीच्या दिवशी उशिरा उठणाऱ्यासही मनातून थोडे अपराध्यासारखे वाटते. युरोपात पाहावे तर इटालियन कवी पेत्रार्क १३३६ साली मों व्हाँतू हा डोंगर केवळ माथ्यावरून काय दिसते ते पाहावयाचे म्हणून चढला, आणि ती हकीकत त्याने एका पत्रात लिहून ठेविली. भाऊ उभ्या वाटेने सरळ वर जात असता आपण सोप्या वाटा शोधीत भटकलो आणि अधिकच थकलो, असे तो प्रांजळपणे सांगतो. आणि त्या सोप्या वाटांवरून स्वतःच्या आत्म्याच्या आळसाविषयी बोध घेतो. श्रमावाचून दर्शन नाही, या पक्षाचा याहून थोर साक्षीदार मिळणे कठीण.

परंतु तेच पत्र पुन्हा वाचले असता त्यात आणखी तीन माणसे दिसतात, आणि आमच्या वादाच्या दृष्टीने ती मला कवीहून महत्त्वाची वाटतात. पहिला, वाटेत भेटलेला म्हातारा मेंढपाळ. पन्नास वर्षांपूर्वी मीही वर गेलो होतो, कपडे फाटले आणि अंग ओरबाडले, याखेरीज काही हाती लागले नाही, असे सांगून तो या भावांस परत फिरावयास विनवितो. म्हणजे श्रम त्यानेही केले होते. दर्शन मात्र झाले नाही. राहिलेले दोघे म्हणजे या भावांचे नोकर. तेही तोच डोंगर चढले आणि उतरले. रात्री मुक्कामी आल्यावर कवी एका कोपऱ्यात बसून आपले प्रसिद्ध पत्र लिहू लागला, तेव्हा ते स्वयंपाकाच्या तयारीत गुंतले होते. त्यांस माथ्यावर काय दिसले, हे कोणी विचारले नाही.

माथेरानात अशी माणसे शोधावी लागत नाहीत. पायथ्याच्या वाड्यांतील ठाकूर, कातकरी बायका डोक्यावर भाजीपाल्याची, लाकडाची ओझी घेऊन ती चढण चढून येतात. त्या तरुणांनी वर्षातून एकदा केलेले कृत्य त्या बाजाराचा दिवस म्हणून करतात, आणि त्याला गिर्यारोहण असे नाव कोणी देत नाही. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे डोंगर चढून गेले व त्यांनी माथेरानचा शोध लावला, असे आपण मुलांस सांगतो. डोंगर हरवला आहे, ही वार्ता तोपर्यंत तेथील ठाकुरांच्या कानी आलेली नसावी. सांगावयाचा मुद्दा इतकाच की, श्रमाने दर्शनाचा अधिकार प्राप्त होतो, हा सिद्धान्त ज्यांचे श्रम ऐच्छिक आहेत त्यांनी रचलेला आहे. तो खरा मानला तर माथेरानच्या देखाव्याची पहिली मालकी त्या भाजीवालीची; आमची नव्हे आणि त्या मुलांचीही नव्हे. आणि आमचा अधू मित्र तर जन्मभर कोणत्याच डोंगराचा धनी होऊ शकणार नाही. जो सिद्धान्त एका माणसास केवळ त्याच्या पायामुळे सौंदर्यापासून वंचित ठेवतो, त्यात काहीतरी खोट आहे, असे मला वाटते. रस्किनची आल्प्स चढणाऱ्या आपल्या देशबांधवांवर मोठी तक्रार होती. पर्वत म्हणजे त्यांनी जत्रेतला तेल लावलेला खांब करून टाकला, असा तिचा भावार्थ. रस्किन पुष्कळदा चिडत असे, पण येथे तो बरोबर आहे.

इतके झाल्यावर आम्ही निर्दोष ठरलो, असे समजून मी त्या रात्री समाधानाने झोपावयास हवे होते. झोप आली नाही. कारण दर्शनास श्रमाची अट नाही, हे मान्य केले तरी आम्हांस वर आणावयास लागलेले श्रम नाहीसे झालेले नव्हते. ते फक्त आमच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर गेले होते. आगगाडीत ते दिसत नाहीत, कारण करणारे शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेले. रिक्षात ते दिसतात. ओढणाऱ्याच्या मानेवरील शीर दिसते, त्याचा श्वास ऐकू येतो. आम्ही पायी गेलो ते हे श्रम वाचविण्यासाठी, की ते पाहण्याचा त्रास वाचविण्यासाठी? हॉटेलात आमची पेटी आली, पिण्याचे पाणी आले, जेवणाचा भाजीपाला आला. ते सारे कोणाच्या तरी डोक्यावरून किंवा घोड्याच्या पाठीवरून आले. त्यावर वकिलांचे तत्त्व अडखळले नाही. आणि आमच्या त्या तत्त्वामुळे तीन माणसांची एक फेरी बुडाली, हेही खरेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी हा प्रश्न अधू मित्रापुढे ठेविला. तो थोडा वेळ हसला. म्हणाला, “तुम्ही तिघे दोन दिवस माझ्या रिक्षाच्या मागून चालत आहात आणि माणुसकीवर बोलत आहात. तो ओढणारा मराठी जाणतो, हे तुमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. मला उचलून नेण्याची लाज लहानपणीच संपली. आई न्यायची, मग मोठा भाऊ, मग शाळेतला शिपाई. मी एवढंच शिकलो की जो नेतो त्याच्याशी बोलावं, आणि तो थांबू म्हणेल तेव्हा थांबावं.” मग त्याने आम्हांस सांगितले की, पुढे धरणाऱ्याला दोन मुली आहेत, थोरली नेरळला शिकते, त्याच्या बापानेही हाच धंदा केला, पावसाळ्यात गाडी बंद झाली की गिऱ्हाईक तुटते, आणि चढणीवर छातीत दुखते, ही गोष्ट त्याने घरी सांगितलेली नाही. डॉक्टर ताडकन उठले व त्या माणसास शोधावयास गेले. दोन दिवस तो त्यांच्यापासून चार हातांवर होता.

हा धंदा सुटावा अशी मागणी कोणा दयाळू प्रवाशाची नव्हती, हे मला मागाहून समजले. हातरिक्षावाल्यांच्या संघटनेनेच, आम्हांस विजेवरच्या रिक्षा चालवू द्या, म्हणून न्यायालयाचा दरवाजा ठोठावला होता. घोडेवाल्यांचा तिला विरोध होता. त्यांच्याही पोटाचा प्रश्न होताच. २०२२ च्या डिसेंबरात प्रायोगिक म्हणून थोड्या विजेच्या रिक्षा सुरू झाल्या. आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, माणसाने माणसास ओढून नेण्याची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेस विसंगत आहे असे सांगून, ती सहा महिन्यांत बंद करावी व ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाची योजना करावी, पैसा नाही ही सबब चालणार नाही, असा आदेश महाराष्ट्र सरकारास दिला. बसावे की न बसावे, या आमच्या तीन दिवसांच्या ऊहापोहात ओढणाऱ्यास स्वतःला काय हवे आहे, हा तिसरा पर्याय एकदाही आला नव्हता. त्याला दया नको होती आणि बक्षिसीही पुरेशी नव्हती. चाक त्याच्या हाती हवे होते.

न्यायालयाच्या निकालाची बातमी वाचून वकिलांनी मला दूरध्वनी केला व, आपण पायी गेलो हे योग्यच ठरले, असे म्हटले. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांना त्या दिवशी चढणीवर खरोखरच दम लागला होता, आणि ते तीन वेळा वाटेत बसले होते. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही.

या महिन्यात बँकेतल्या मित्राचे पत्र आले. येत्या हिवाळ्यात पुन्हा माथेरानासच जावे, असा त्याचा आग्रह आहे. पत्रात त्याने त्या ओढणाऱ्याचे संपूर्ण नाव लिहिले आहे. त्याला नवी रिक्षा मिळाली काय आणि तोच ती चालवितो काय, याची चौकशी मी करावी, म्हणजे अगोदर त्यालाच सांगून ठेवता येईल. मी आम्ही उतरलो होतो त्या हॉटेलात दूरध्वनी केला. तेथील व्यवस्थापकांनी खोल्यांचे दर तत्परतेने सांगितले. त्या नावाचा माणूस मात्र त्यांच्या माहितीत नव्हता. विचारून कळवितो, असे ते म्हणाले. त्याला आज बारा दिवस झाले. उद्या पुन्हा दूरध्वनी करावयाचा आहे.