तंतू, पट आणि अक्षर

यंत्रमागावर ताणा चढतो, बाणा आडवा धावतो आणि पलीकडे कापड गुंडाळले जाते. भिवंडीत हे इतके रोजचे आहे, की कापड म्हणजे नेमके काय, असे तिथे कुणी विचारणार नाही. न्याय-वैशेषिकांनी मात्र तंतू आणि पट हेच उदाहरण घेऊन शतकानुशतके वाद केला. पट म्हणजे तंतूंचा ढीग नव्हे, तंतूंच्या ठायी समवायाने, म्हणजे अतूट संबंधाने, राहणारी ती एक नवी अखंड वस्तू, ‘अवयवी’, आहे, हा त्यांचा पक्ष. बौद्धांनी विचारले, तंतू एकेक करून काढून घेतले तर पट कुठे उरतो? संगणकातल्या मजकुरात हाच प्रश्न अक्षराविषयी विचारावा लागतो, आणि माझ्या मते तिथला पुरावा अवयवीच्या बाजूने आहे.

कोरियाचा राजा सेजोंग याने 1446 मध्ये जाहीर केलेल्या हांगुल लिपीत वर्ण सुटे आहेत, पण लिहिताना ते एका चौकटीत बसून एक अक्षर होतात. संगणकात प्रत्येक लिपिचिन्हाला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या संकेतप्रणालीच्या 1996 च्या आवृत्तीत 19 आद्य व्यंजने, 21 स्वर आणि अंत्य व्यंजनाच्या, रिकामी जागा धरून, 28 शक्यता यांच्या गुणाकारातून येणाऱ्या 11,172 अक्षरांना एकेक क्रमांक मिळाला. सुट्या वर्णांचे क्रमांकही कायम राहिले. त्यामुळे ‘हान’ हे अक्षर 54620 या एका क्रमांकाने नोंदवता येते, तसेच 4370, 4449, 4523 या तिघांनीही. आणि नियम सांगतो, की दोन्ही नोंदी समान मानाव्यात. अक्षर म्हणजे केवळ अवयव असते, तर एका क्रमांकाची नोंद अक्षर ठरली नसती, कारण तिच्यात अवयव लिहिलेलेच नाहीत. तो एक क्रमांक हेच अक्षर असते, तर तीन क्रमांकांची नोंद परकी ठरली असती. दोन्ही त्याच अक्षराच्या नोंदी आहेत, म्हणजे ते अक्षर दोहोंच्या आधीचे आहे.

यावर कुणी म्हणेल, ही समानता हा समितीने ठरवलेला संकेत आहे, त्यातून सत्य कसे निघेल? याचे उत्तर मराठीतच आहे. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला. या दुसऱ्या शब्दातला र दोन रीतींनी टंकता येतो: ‘ऱ’ला हलन्त लावून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त लावून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. दोन्ही रूपे सारखीच दिसतात. युनिकोडने त्यांना समान ठरवलेले नाही, म्हणून काटेकोर शोधात एक टाकले तर दुसरे सापडत नाही. मराठी वाचकाला मात्र क्षणभरही शंका येत नाही. संकेत जिथे नाही तिथेही ओळख आहे. संकेत त्या ओळखीमागून येतो, कधी येतच नाही.

शंकराचार्यांचा आक्षेप अधिक अवघड आहे. समवाय हा वेगळा पदार्थ मानला, तर त्याला अवयवांशी जोडायला आणखी एक संबंध लागेल, मग त्यालाही आणखी एक, असे त्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात दाखवले. देवनागरीच्या नोंदीत हे अक्षरशः डोळ्यांना दिसते. ‘क्ष’ला स्वतःचा क्रमांक नाही, तो 2325, 2381, 2359 असा येतो, आणि मधला 2381 म्हणजे हलन्त. जोडण्याचे काम तिथे स्वतःच एक सुटी वस्तू झाले आहे. फॉन्ट नीट नसला की ही वस्तू जोडत नाही, क च्या पायाशी तिरकी रेघ होऊन नुसती उभी राहते. संबंधाला वस्तू करून एकत्व मिळत नाही, हे मला मान्य आहे. पण त्याने समवाय पडतो, अवयवी पडत नाही. त्या मोडक्या रूपातही वाचणारा ‘क्ष’च वाचतो.

संगणकाच्या कितीतरी आधीच्या कोरलेल्या अक्षरांतही हेच दिसते. शिलाहार राजा अपराजित याचा शके 919, म्हणजे इ.स. 997 चा भादान दान-ताम्रपट याच भिवंडी परिसरातला. त्यात जोडाक्षरे एकसंध कोरलेली आहेत, मध्ये हलन्ताची रेघ नाही. तोच संस्कृत मजकूर आज टंकला, तर प्रत्येक जोडाक्षर क्रमांकांच्या माळेत उलगडते, आणि तरीही तो त्याच दानाचा लेख असतो.